बॅग दाखवा, मग जादू!

ऑर्लँडोच्या थीम पार्कमध्ये पहिली रांग राइडची नसते, चेकिंगची असते. त्या रांगेत उभं राहून ऐकलेल्या तक्रारी, दिलासे आणि एक अवघड प्रश्न...

परदेशातलं थीम पार्क म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? किल्ला, आतषबाजी, मिकीच्या गळ्यात हात टाकून काढलेला फोटो आणि पोटात गोळा आणणारी रोलरकोस्टर. बरोबर? पण अमेरिकेतल्या ऑर्लँडोत पोचलात की तुमची पहिली रांग यातल्या कशासाठीच नसते. किल्ला अजून दिसलेला नसतो, मिकीचा पत्ता नसतो, आणि गणवेशातला एक माणूस हसून सांगत असतो, पाण्याची बाटली हातात धरा, छत्री बाहेर काढा, चला पुढे!

गेल्या हिवाळ्यात मी दहा दिवस फ्लोरिडात होते. आतेभाऊ टॅम्पाला आयटीत आहे. आत्या नेहमीप्रमाणे सहा महिन्यांसाठी चिंचवडहून मुलाकडे आलेली. शिवाय वहिनी आणि सात वर्षांची भाची, जी आत्याला आजी आणि मला आतू म्हणते. टॅम्पा ते ऑर्लँडो गाडीने जेमतेम दीड तास, म्हणजे ट्रॅफिक नसेल तर आपलं मुंबई-लोणावळा. त्यामुळे आठवडाभर आमचा मुक्काम पार्कांतच. एकूण तीन पार्क्स, त्यातल्या एका पार्कचं मल्टि-डे तिकीट असल्याने तिथे चार सकाळी.

राइड्सबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला मात्र रोज सकाळी गेटवर जे दिसायचं ते जास्त इंटरेस्टिंग वाटायला लागलं. हौसेने, पैसे मोजून, सुट्टी टाकून आलेला माणूस चेकिंगच्या रांगेत लागला की कसा वागतो? कुणी वैतागतो, कुणी विनोद करतो, कुणाला बरं वाटतं. आणि कुणाकुणाला रोजच बाजूला घेतात.

आधी असं नव्हतं

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झालं. पुढची तीसेक वर्षं तिथे गेटवर बॅग उघडून दाखवायची पद्धतच नव्हती. तिकीट दाखवा आणि सुटा! मग ११ सप्टेंबर २००१ आला. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर हल्ले झाले त्या दिवशी फ्लोरिडातली डिस्नेची पार्क्स रिकामी करण्यात आली आणि त्यानंतर गेटबाहेर टेबलं आली. पर्स, सॅक, बाळाची डायपर बॅग, सगळं उघडून दाखवायचं.

पण फक्त बॅग. खिशाचं काय? त्याचं उत्तर मे २०१३मध्ये मिळालं. डिस्नेच्या ॲनिमल किंग्डम पार्कमध्ये डायनोसॉर नावाच्या राइडवर नातवासोबत बसायला गेलेल्या एका आजींना सीटवर चक्क पिस्तूल सापडलं. तेही लोडेड! आधीच्या फेरीत बसलेल्या एका माणसाच्या खिशातून ते पडलं होतं. त्याच्याकडे शस्त्र बाळगायचा रीतसर परवाना होता; पार्कमध्ये ते चालत नाही हे माहीत नव्हतं, असं त्याचं म्हणणं. बॅग चेकिंगच्या टेबलाशेजारून तो आरामात चालत आत गेला होता.

तरीही मोठा बदल व्हायला २०१५चा डिसेंबर उजाडला. १३ नोव्हेंबरला पॅरिसवर हल्ला झाला होता. २ डिसेंबरला कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला गोळीबारात १४ जण गेले होते. १७ डिसेंबरला, म्हणजे ख्रिसमसच्या तुडुंब गर्दीच्या तोंडावर, डिस्ने, युनिव्हर्सल आणि सीवर्ल्ड या तिघांच्या गेटवर मेटल डिटेक्टर दिसायला लागले. डिस्नेने पार्कमधली खेळण्यातल्या बंदुकांची विक्री बंद केली. चौदा वर्षं आणि त्यावरच्यांना एरवीच्या दिवशी कॉस्च्युम घालून यायला मनाई केली. काही पाहुण्यांना मेटल डिटेक्टरमधून जाण्यासाठी वेगळं काढायचं, असं ठरलं. हे 'काही पाहुणे' लक्षात ठेवा. त्यांच्याकडे परत येऊ.

त्या आठवड्यातल्या प्रतिक्रिया दोन टोकांच्या होत्या. 'चला, एकदाचं केलं!' म्हणणारे होते आणि 'आता इथेही एअरपोर्टच?' म्हणणारेही होते. आठ तास ड्राइव्ह करून आलेल्या बापाला सकाळी नऊ वाजता खिसे रिकामे करायला लावल्यावर तो काय म्हणणार?

पुढच्या वर्षी १२ जून २०१६ रोजी ऑर्लँडोतल्याच पल्स नाइटक्लबमध्ये गोळीबार झाला. ४९ बळी. या प्रकरणातल्या २०१८च्या खटल्यात सरकारी पक्षाने मांडलं की हल्लेखोराचं मूळ लक्ष्य डिस्ने स्प्रिंग्ज होतं. डिस्ने स्प्रिंग्ज म्हणजे डिस्नेचाच, फुकट प्रवेशाचा, शॉपिंग आणि खादाडीचा एरिया. तिथले पोलीस पाहून त्याने बेत बदलला, असं त्यांचं म्हणणं होतं. हे वाचल्यावर गेटवरच्या माणसाकडे बघायची नजर थोडी बदलते.

शिवाय फ्लोरिडाचा कायदाही बघा. १ जुलै २०२३पासून तिथे अंगावर लपवून पिस्तूल बाळगायला पात्र असलेल्या प्रौढांना परवान्याची गरज उरलेली नाही. पार्क ही खासगी मालमत्ता, म्हणून तिथे मालक मनाई करू शकतो. पण गेटबाहेरच्या पार्किंगमध्ये कुणाच्या कमरेला काय आहे, हे देव जाणे.

चकलीचा डबा वाजला

जुलै २०२०मध्ये कोविडनंतर डिस्नेची पार्क्स पुन्हा उघडली तेव्हा टेबलं जाऊन इव्हॉल्व्ह कंपनीचे नवे स्कॅनर आले. फंडा सोपा आहे. दोन उभे खांब, मधून चालत जायचं, थांबायचं नाही, बॅग खांद्यावरच. मशीनला एखाद्या वस्तूचा संशय आला तर सिक्युरिटीवाल्याच्या स्क्रीनवर ती जिथे आहे तिथे चौकोन येतो. मग तेवढीच बॅग बाजूला घेऊन बघतात. छत्री, चष्म्याची केस असल्या गोष्टींना मशीन फसतं, म्हणून त्या हातात समोर धरायच्या. दुरून बघितलं तर शेकडो माणसं हातात छत्र्या आणि बाटल्या धरून मिरवणुकीत चालल्यासारखी दिसतात.

अशाच एका स्कॅनरमध्ये पहिल्याच सकाळी आमची आत्या अडकली. चौकोन थेट तिच्या कापडी पिशवीवर. आत काय? चिंचवडहून आणलेला स्टीलचा डबा, कडीचा, झाकण घट्ट बसलेला. सिक्युरिटीवाल्या बाईंनी खुणेने विचारलं, उघडू का? आत्या म्हणाली, "अगं, तिला सांग, तिच्याच्यानं नाही उघडायचा, मीच उघडते." उघडला. चकल्या. बाईंनी वाकून पाहिलं, हसल्या, आणि जा म्हणाल्या. आत्या जागची हलेना. "घ्या की एक!" बाईंनी ड्यूटीवर आहे असं सांगून हात जोडले.

पण खरा धक्का आत्याला पुढे बसला. खायचं आत न्यायला बंदी नाही! काच नको, दारू नको, सुटा बर्फ नको (ही बर्फाची बंदी डिस्नेने मे २०१९मध्ये आणली), गरम करावं लागेल असं नको. बाकी चकली, थेपले, सँडविच, काय हवं ते न्या. "मग आपल्याकडे चिवड्याची पाकिटं का काढून घेतात?" आत्याने विचारलं. आता याला काय उत्तर देणार? आपल्याकडे बॅग उघडली की पहिला शोध खाण्याचा लागतो. सुऱ्याबिऱ्या नंतर. चेकिंग आपल्या सुरक्षेसाठी आहे की आतल्या दोनशे रुपयांच्या सामोशासाठी, हा प्रश्न आपण विचारायचा सोडून दिला आहे.

दोन चेकिंग, दोन मूड

युनिव्हर्सलचा प्रकार वेगळा. मुख्य पार्किंगच्या इमारतीतून बाहेर पडलात की पार्क तर सोडाच, हॉटेलं-दुकानं असलेल्या सिटीवॉकला पोचायच्या आधीच चेकिंग. बॅगा एक्स-रेच्या पट्ट्यावर, खिशातलं सगळं ट्रेमध्ये, तुम्ही मेटल डिटेक्टरमधून. सगळा एअरपोर्टच. इतक्या लांब का? आता सगळीकडेच तसा कल आहे. डिस्नेनेही २०१७मध्ये मॅजिक किंग्डमचं चेकिंग गेटवरून उचलून मोनोरेलमध्ये चढायच्या आधी नेलं. त्याच वर्षी २२ मेला मँचेस्टर अरीनात स्फोट होऊन २२ जण गेले. तो झाला तिकीट तपासायच्या जागेच्या बाहेर, लॉबीत, कार्यक्रम संपवून लोक घरी निघालेले असताना. म्हणजे गेटबाहेरची गर्दी हीच धोक्याची जागा. २०१९मध्ये एकट्या मॅजिक किंग्डमला अंदाजे दोन कोटी लोक येऊन गेले. दिवसाला पन्नास हजारांच्या वर. यांना एकाच दारात रांगेत उभं केलं तर त्या रांगेचं रक्षण कोण करणार?

युनिव्हर्सलला मला आणखी एक मजा दिसली. तिथे व्हेलोसीकोस्टर नावाची, जून २०२१मध्ये सुरू झालेली, ताशी ११२ किलोमीटर वेगाने उलटीपालटी करणारी सॉल्लिड राइड आहे. तिच्या रांगेत दुसरा मेटल डिटेक्टर लागतो. पहिला बंदुकीसाठी, दुसरा तुमच्या मोबाइलसाठी! फोन, चिल्लर, किल्ल्या, सगळं फुकटच्या लॉकरमध्ये टाकायचं. खिशात एक नाणं राहिलं तरी परत मागे.

गंमत बघा. दुसरं चेकिंग पहिल्यापेक्षा कडक आहे, फोनशिवाय वीस-पंचवीस मिनिटं राहायचं म्हणजे आपल्या पिढीला केवढी शिक्षा! पण तिथे मी एकाचाही वैतागलेला सूर ऐकला नाही. का? वर बघितलं की कळतं. डोक्यावरून गाडी किंचाळत उलटी चाललेली असते. त्या वेगात कुणाच्या खिशातून सुटलेला फोन खालच्याच्या डोक्यात बसला तर काय होईल हे समजायला कुणी सांगावं लागत नाही. आणि नियम सगळ्यांना एकच. सीईओ असो की शाळकरी पोरगा, नाणं काढ!

रांगेतली मतं

रांगेत वेळ असतो आणि अमेरिकन माणूस गप्पिष्ट असतो. त्यामुळे आठवडाभरात मी बऱ्याच जणांना छेडलं.

तीन मुलांची एक आई, डबल स्ट्रोलर ढकलत होती. तिला चेकिंग हवंच होतं. म्हणाली, मुलांच्या शाळेत गोळीबाराची ड्रिल होते, त्यामुळे इथे हे यंत्र दिसलं की उलट खांदे सैल होतात. पाच वर्षांच्या मुलाला वर्गात कपाटामागे लपायचा सराव करायला लावणाऱ्या देशात ही प्रतिक्रिया मला समजली.

वर्षानुवर्षं ॲन्युअल पास काढणारे एक आजोबा भेटले. त्यांची तक्रार वेळेची. पूर्वी गेटमधून आत जाताना जे वाटायचं ते आता वाटत नाही, म्हणाले. आत शिरताना बाहेरचं जग विसरायचं हीच तर या जागेची मजा, आणि आता बाहेरचं जग दारातच आठवण करून देतं! 'रांग पाच मिनिटांची झाली तरी मूड पाच मिनिटांत येत नाही,' असा त्यांचा हिशेब.

परवाना असलेला एक बंदूकवालाही भेटला. रोज पिस्तूल बाळगतो, पार्कला येताना घरी ठेवून आला होता. तो म्हणाला, मला चेकिंगचा राग नाही, पण माझ्यासारखा कायदा पाळणारा निशस्त्र होतो त्याचं काय? मी म्हटलं, मुंबईत आम्ही लाखो लोक निशस्त्रच लोकलमध्ये चढतो. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी आपण अंटार्क्टिकात राहणाऱ्यांकडे टाकतो.

आणि कॉलेजची पोरं? ती फोनमध्ये. चेकिंग नव्हतं तो काळ त्यांना माहीतच नाही. त्यांच्या लेखी पार्कला गेट असतं तसं गेटला स्कॅनर असतो. विषय संपला.

आपण इतके शांत कसे?

मला सुरुवातीला या सगळ्यांची जरा गंमतच वाटत होती. एवढ्याशा चेकिंगचं काय कौतुक! २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर आपलं आयुष्य चौकटीतून चौकटीत चाललंय. मॉल, मल्टिप्लेक्स, फाइव्ह स्टार हॉटेल, मेट्रो, ऑफिसची बिल्डिंग. गाडीखाली आरसा फिरतो, डिकी उघडते, हात वर होतात. बायकांसाठी पडद्याआड ती खोपटी, जिथे एक ताई न बघता कमरेवरून यंत्र फिरवते आणि म्हणते, "जा." आम्हाला कधी राग येतो? छे! सवय झाली बॉस.

पण ऑर्लँडोत आठवडाभर राहिल्यावर मला त्या सवयीबद्दल शंका यायला लागली. आपण खरंच समजूतदार आहोत, की आपण त्या चेकिंगकडून काही अपेक्षाच ठेवत नाही? मोठ्या स्टेशनच्या दारातली ती चौकट आठवा. हजारो माणसं तिच्यातून जातात, ती प्रत्येकाला बीप करते, आणि कुणी मान वर करून बघत नाही. त्या बीपवर चिडणार कोण? आणि विसंबणार तरी कोण? तिकडचे लोक कटकट करतात, कारण त्यांना अजून वाटतं की आपला वेळ आणि आपली बॅग ही मागायची गोष्ट आहे, नुसती घ्यायची नाही. मागितली तर कारण द्या. हे मला आवडलं.

'रँडम' म्हणजे नक्की कोण?

आता ते 'काही पाहुणे'.

आम्ही चार सकाळी गेलो त्या पार्कचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका पार्कचा नाही. पहिल्या सकाळी स्कॅनर वाजला नाही, तरी दादाला बाजूला बोलावलं. "रँडम सिलेक्शन, सर." सॅक रिकामी, हात बाजूला, छडी वरून खाली. माणूस एकदम नम्र. दोन मिनिटांत काम झालं. दादा हसत आला, "चला, व्हीआयपी ट्रीटमेंट!"

दुसऱ्या सकाळी परत. आम्ही पाच जण, पुढे-मागे शेकडो लोक, आणि बोट दादाकडे. दादा सावळा आहे, उंच आहे, दाढी राखतो, पाठीला काळी सॅक असते. या वेळी त्याने विनोद केला नाही. वहिनी उगाचच आत्याशी खायच्या जागेबद्दल बोलत राहिली.

तिसऱ्या सकाळीही तेच झालं तेव्हा भाचीने विचारलं, "रोज बाबालाच का?" वहिनी म्हणाली, "अगं, लकी ड्रॉ असतो तो. बाबाचा नंबर लागला." भाचीने थोडा विचार केला आणि मला विचारलं, "आतू, मी मोठी झाले की माझा पण लागेल?"

मी काय बोलणार? दादाने ऐकलं होतं. अकरा वर्षं तो तिथे आहे. टॅक्स भरतो, रविवारी शेजाऱ्याचं लॉन कापून देतो. रात्री हॉटेलवर तो म्हणाला, "चेक करू दे गं मला. रोज करू दे. पण रँडम म्हणू नका."

चौथ्या दिवशी तो दाढी करून आला. आमच्यातलं कुणीही त्यावर काही बोललं नाही, आत्याही नाही. गेटवर कुणी त्याला बाजूला घेतलं नाही. हा योगायोग असूही शकतो. तीन वेळा नंबर लागणं आणि चौथ्यांदा न लागणं, गणितात हेही बसतं. नेमकी हीच पंचाईत आहे. ज्याचा नंबर लागतो त्याला ते सिद्ध करता येत नाही आणि लावणाऱ्याला ते सिद्ध करावं लागत नाही.

खरंखुरं रँडम करता येतं का? येतं की! मेक्सिकोच्या कस्टम्समध्ये अनेक वर्षं एक साधी पद्धत होती. प्रवाशाने बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला तर जा, लाल लागला तर सामान उघडा. अधिकाऱ्याच्या मनात काय आहे याचा प्रश्नच नाही. लाल दिवा लागला की माणूस चरफडतो, पण नशिबावर. समोरच्याच्या नजरेवर नाही. सात वर्षांच्या मुलीला तो खरोखर लकी ड्रॉ म्हणून सांगता आला असता.

नाटक, पण कुणासाठी?

सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी २००३च्या 'बियाँड फिअर' या पुस्तकात 'सिक्युरिटी थिएटर' असा शब्द वापरला. सुरक्षा वाढल्यासारखी वाटते, पण प्रत्यक्षात फारशी वाढत नाही, असा देखावा. डिस्नेला हा शब्द भलताच फिट बसतो, कारण तिथे कर्मचाऱ्यांना म्हणतातच 'कास्ट मेंबर', म्हणजे नाटकातले कलाकार!

मग हे नाटकच आहे का? सीटवर सापडलेलं ते पिस्तूल आणि डिस्ने स्प्रिंग्जची ती हकिगत बघता मी तसं म्हणणार नाही. पण यंत्र सांगितलं तेवढं हुशार असेलच असंही नाही. इव्हॉल्व्ह कंपनी आपल्या स्कॅनरबद्दल अवास्तव दावे करते, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नोव्हेंबर २०२४मध्ये केला आणि प्रकरण तडजोडीने मिटलं. सगळी शस्त्रं पकडतो आणि निरुपद्रवी वस्तू सोडून देतो, असे ते दावे. शाळांना विकलेल्या यंत्रांवरून मुख्यतः तो वाद झाला. चकलीच्या डब्याची साक्ष आमच्याकडेही आहे!

क्लिफर्ड शिअरिंग आणि फिलिप स्टेनिंग या गुन्हेशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकातच डिस्ने वर्ल्डवर एक गाजलेला निबंध लिहिला. तिथलं नियंत्रण इतकं गोड असतं की ते नियंत्रण वाटतच नाही, असा त्यांचा मुद्दा. कठडे, कारंजी, झाडं, हसरे चेहरे, सगळं तुम्हाला हव्या त्या दिशेने वळवत असतं. त्यात एक किस्सा आहे. शिअरिंग यांच्या मुलीच्या पायाला फोड आला म्हणून ती एपकॉट पार्कमध्ये अनवाणी चालली होती. सिक्युरिटीवाल्याने नम्रपणे सांगितलं, बूट घाला. का? तर तुमच्याच सुरक्षेसाठी. नाही घातले तर? तर बाहेर जावं लागेल. सगळं 'सर' आणि 'प्लीज' लावून!

मला वाटतं, या 'तुमच्याच सुरक्षेसाठी'ची एक चाचणी आपल्यालाही घेता येईल. तीन साधे प्रश्न. चेकिंगचं कारण मला सांगता येतं का? ते माझ्या पुढच्याला आणि मागच्याला सारखंच लागतं का? आणि माझ्यावर चूक झाली असं वाटलं तर मी कुणाला विचारू? व्हेलोसीकोस्टरच्या मेटल डिटेक्टरला पहिल्या दोन प्रश्नांत पैकीच्या पैकी मार्क, म्हणून तिथे कुणी कुरकुरत नाही. दादाला बाजूला घेणाऱ्याला तिन्हीत भोपळा, तो कितीही नम्र असला तरी.

आपल्याकडेही आता नवनवी पार्क्स येतायत, मॉल येतायत, मेट्रो वाढतेय. मशीनही नवी येतील, चालता चालता तपासणारी, चेहरा ओळखणारी. तेव्हा 'सवय झाली बॉस' म्हणून पुढे जायच्या आधी हे तीन प्रश्न विचारायला काय हरकत आहे? निदान एकदा तरी. गेटवरच्या बिचाऱ्या सिक्युरिटीवाल्याला नको, तो बारा तास उभा असतो. मॅनेजमेंटला मेल टाका. 

जाणार असाल तर...

• गेट उघडायच्या तासभर आधी पार्किंगला पोचा. पहिली रांग चेकिंगची असते हे धरूनच प्लॅन करा.

• स्टीलचे डबे हॉटेलवर ठेवा, खाऊ प्लॅस्टिकच्या डब्यात किंवा झिपच्या पिशवीत न्या. काचेची बाटली, सुटा बर्फ, सेल्फी स्टिक नको.

• छत्री, चष्म्याची केस, पॉवर बँक बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे पटकन हातात धरता येतील.

• आई-बाबांना बरोबर नेणार असाल तर काय होणार ते आदल्या रात्री सांगून ठेवा. औषधं मूळ पाकिटात असू द्या.

• मोठ्या रोलरकोस्टरला जाताना खिसे पूर्ण रिकामे. एक नाणंही चालत नाही.

• परत परत तुम्हालाच बाजूला काढलं तर गेटवर हुज्जत नको. शांतपणे चेकिंग होऊ द्या, वेळ आणि तारीख लिहून ठेवा आणि आतल्या गेस्ट सर्व्हिसेसच्या खिडकीवर जाऊन लेखी तक्रार द्या. मुलं बरोबर असतील तर त्यांच्या देखत द्या.